‘लेन्स गेली’ सांगून माझाच चालू रायटर दुसऱ्याला विकला

दुरुस्तीवाल्याने डोळ्यांदेखत मशीन चालवून दाखवलं की आपण खिशात हात घालतो. माझ्या बाबतीत त्याने चालवून दाखवलं ते खरंच चालत होतं, आणि तरीही त्याने मला लुबाडलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा तालुक्याच्या गावी फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. गोष्ट 2014 च्या लगीनसराईतली. तेव्हा लग्नाची शूटिंग डीव्हीडीवर द्यायची पद्धत होती (लोक तिलाही कॅसेटच म्हणायचे), आणि एका लग्नामागे मामा, काका, व्याही धरून दहा-पंधरा कॉपी सहज लागायच्या. त्या काढायचा कॉम्प्युटरमधला डीव्हीडी रायटर, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह. त्या वर्षी 8 एप्रिलला विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला. आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘साहेब, आता विंडोज 7 टाकून घ्या, नाहीतर मशीन कधीही बसेल.’’ खरं तर बंद झाले होते फक्त सुरक्षेचे अपडेट, मशीन काही बसणार नव्हतं. पण कधीतरी बदलायचंच होतं. त्याने विंडोज 7 टाकलं, कॅबिनेट उघडून रॅमची आणखी एक पट्टी बसवली आणि गेला. हे कॅबिनेट उघडणं लक्षात ठेवा.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग हळूहळू कॉपीला वेळ लागायला लागला. हिशेब असा असतो: डीव्हीडीचा 1एक्स वेग म्हणजे सेकंदाला साधारण 1.385 एमबी. भरलेली 4.7 जीबीची डिस्क 8एक्सने आठ-साडेआठ मिनिटांत निघते, 4एक्सने चौदा-पंधरा मिनिटांत. माझ्याकडे तीच डिस्क अर्ध्या तासावर जायला लागली. स्क्रीनवरची बफरची पट्टी (डिस्कवर जायला तयार असलेला डेटा दाखवणारी) भरायची, झपकन रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. रायटर घूंऽऽ करून वेग पकडायचा, मध्येच गप्प व्हायचा, परत सुरू. आणि त्या वेळात माउसचा बाणसुद्धा अडखळत चालायचा. डिस्क रायटरमध्ये, मग माउस का अडखळतोय, हा प्रश्न खरं तर तिथेच विचारायला हवा होता. दुरुस्तीवाल्याने तर नक्कीच.

त्याने मशीन दुकानात मागवलं आणि निदान सांगितलं: रायटरची लेन्स गेली, मदरबोर्डचा कंट्रोलरही (ड्राइव्हशी डेटाची देवघेव सांभाळणारा भाग) वीक झालाय. बिल केलं ते असं. नवीन रायटर 1,350 रुपये, कंट्रोलर सर्व्हिसिंग 900, ‘लायसन ड्रायव्हर’ 450. एकूण 2,700. डीव्हीडी रायटरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, त्याचा कुणी लायसनचा पैसा घेत नाही, हे मला नंतर कळलं. जुना रायटर त्याने काउंटरखाली सरकवला. ‘‘हा भंगार, कशाला नेता?’’

मी समोर बसलेलो असताना त्याने डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली मशीनच्या भागांची यादी) उघडलं, एका ओळीवर राइट क्लिक करून ती उडवली आणि मशीन रिस्टार्ट केलं. मग कोरी डिस्क टाकून थोडे फोटो कॉपी करून दाखवले. दोन मिनिटांत ट्रे बाहेर. ‘‘बघा, विमान!’’ घरी आणल्यावर पूर्ण डीव्हीडीही झटपट निघाली, म्हणून मी निर्धास्त झालो. आणि भर सीझनमध्ये पुन्हा तोच प्रकार. या वेळी तो म्हणाला, तुमच्या डिस्का हलक्या आहेत, माझ्याकडच्या घ्या. हेही पूर्ण खोटं नव्हतं, हलक्या डिस्कवर रायटर स्वतःहून वेग कमी करतो. त्याचं निम्मं बोलणं नेहमी खरं असायचं, म्हणून बाकीचं निम्मं खपायचं.

उलगडा झाला शेजारच्या गावच्या एका मित्राच्या स्टुडिओत. माझ्याकडे अडलेल्या कॉपी काढायला तिकडे गेलो होतो. त्याच्या मशीनचा ट्रे बाहेर आला आणि त्यावर मार्करने लिहिलेला ‘३’ दिसला, घासून पुसायचा प्रयत्न केलेला. माझ्याकडे तीन रायटर असायचे, कुठल्या ट्रेमध्ये कुणाचं लग्न चाललंय ते कळावं म्हणून मी ट्रेवर आकडे घालायचो. अक्षर माझंच. मित्राला विचारलं तर त्याने बिल काढलं: ‘नवीन, एक वर्ष वॉरंटी’. दुकान तेच. माझ्या मूळ बिलावर रायटरचा सिरियल नंबर लिहिलेला होता, घरी येऊन ताडून पाहिला. जुळला. आणि तो ‘लेन्स गेलेला’ रायटर मित्राकडे अख्खी डिस्क आठ मिनिटांत काढत होता.

मग माझं मशीन का रखडत होतं? मित्राचा ऑपरेटर माझ्याकडे आला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ उघडलं, रायटर ज्या एटीए चॅनलवर (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गावर) होता त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ दाखवलं. करंट मोड: पीआयओ. तिथे अल्ट्रा डीएमए असायला हवं. डीएमएमध्ये रायटर आणि मेमरी आपसात डेटा देतात-घेतात, प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो, म्हणून माउससुद्धा अडकतो. आणि विंडोज हे आपणहून करतं: चॅनलवर टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) किंवा सीआरसीच्या (डेटा नीट पोचला का या तपासणीच्या) एकूण सहा चुका झाल्या की ते वेग एक पायरी उतरवतं, चुका होतच राहिल्या तर उतरत उतरत पीआयओवर येतं. चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट केलं की विंडोज तो नव्याने ओळखतं आणि वेग परत येतो.

चुका येत होत्या त्या केबलमुळे. रॅम बसवताना रायटरची साटा केबल (डेटा नेणारी) पॉवर सप्लायखाली दाबली गेली होती, एका टोकाला सैल झाली होती. साठ रुपयांची नवी केबल लावली आणि प्रकरण मिटलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्या सगळ्या काळातल्या ‘एटीएपीआय’च्या लाल नोंदी पडून होत्या, कंट्रोलर एरर म्हणून.

केबल त्याला दिसली नसेल, हे मी एक वेळ मान्य करतो. पण चॅनल त्याने माझ्यासमोर उडवला होता. म्हणजे खरा आजार त्याला ठाऊक होता, फुकटातला उपाय त्याने केला होता, आणि बिल मात्र रायटरचं फाडलं होतं.

आम्ही दोघं दोन्ही बिलं घेऊन दुकानात गेलो. ‘‘अहो, भंगारवाल्याकडून फिरत आला असेल,’’ असं सुरू झालं. ग्राहक मंचात जातो म्हटल्यावर आवाज खाली आला. मित्राचे पैसे लगेच दिले. मला रायटरचे 1,350 मिळाले, बाकीचे 1,350 ‘मजुरी’ म्हणून गेले. दोन्ही बिलं हातात नसती तर तेही मिळाले नसते. आता तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तिथे पहिली तक्रार फोनवरही करता येते.

कॉपी अचानक मंदावली तर पैसे मोजण्याआधी तुम्हीही तो मोड बघा, केबल बदलून बघा, आणि डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ची खूण आहे का तेही बघा. ती असली तर लिहून झाल्यावर सगळी डिस्क पुन्हा वाचली जाते, वेळ सहज दुपटीच्या आसपास जातो. दुकानात चाचणी करायची तर आपली भरलेली डिस्क न्या, त्यांचे चार फोटो नकोत.

तो दुरुस्तीवाला अजून आहे. हल्ली लॅपटॉपला एसएसडी बसवून देतो आणि जुनी हार्ड डिस्क ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतो, असं ऐकतो. ती मागून घ्या. तिच्यात तुमचे फोटो, बँकेची कागदपत्रं सगळं असतं, आणि नुसता क्विक फॉरमॅट मारला तर बरंचसं परत काढता येतं.