शॉटकटचे दहा महिने : भंडारा, आत्ती आणि एक्स्पोर्टची खिडकी

मी निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. व्हिडिओ जोडणं हा रविवारचा नाद. गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर पुतण्यानं त्याचा जुना लॅपटॉप देऊन टाकला. चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, बॅटरी मेलेली. त्यावर शॉटकट नावाचं व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यानंतर दुसरं काही टाकावं असं वाटलं नाही. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही. प्रॉक्सी, म्हणजे काम करण्यापुरती क्लिपांची हलकी प्रत, चालू केली की असल्या जुन्या मशीनवरही क्लिपा अडखळत नाहीत. कापणं, जोडणं, पाटी टाकणं आठवड्यात जमलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. माझे दहा महिने गेले ते शेवटच्या एका खिडकीत, एक्स्पोर्टच्या, जिथून जोडलेलं सगळं एक फाइल होऊन बाहेर पडतं.

पहिला मोठा व्हिडिओ आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथ यात्रेचा. ज्यांनी ही यात्रा पाहिलीय त्यांना सांगायला नको : ढोल घुमायला लागले की भंडाऱ्याची, म्हणजे पिवळ्या हळदीची, मूठ हवेत जाते आणि मग कोण कुठं उभा आहे ते कळत नाही. लॅपटॉपवर चित्र झकास दिसलं. मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर चढवलं, आणि भंडारा उधळायचा प्रसंग आला की पडद्यावर नुसता पिवळा चिखल. माणसांचे चेहरे चौकोनी ठिगळांचे. त्याच व्हिडिओत देवळाच्या ओवरीत बसून एक म्हातारबाबा भाकणुकीबद्दल, म्हणजे यात्रेतल्या भविष्यवाणीबद्दल, बोलतात, ते मात्र आरशासारखं स्वच्छ. कॅमेरा एकच, फाइल एकच.

कारण समजायला मला दोन रविवार लागले. व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग म्हणजे एन्कोडर. तो आधीच्या फ्रेममधलं जे बदललेलं नाही ते पुन्हा लिहीत नाही, फक्त सरकलेला आणि बदललेला भाग लिहितो. बाबांच्या मागची भिंत पाच मिनिटं तीच आहे, म्हणजे लिहायचं काय तर ओठ आणि हात. भंडाऱ्याचा कण न् कण मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. खानापूरकडचा पाऊस, गोकाकच्या धबधब्याचे तुषार, रात्रीच्या अंधारात फोन जे रवाळ चित्र काढतो ते, सगळ्यांची जात हीच. मी वीस-वीस सेकंदांचे दोन तुकडे एकाच दर्जावर काढून बघितले. भंडाऱ्याची फाइल ओवरीतल्या बोलण्याच्या चौपटीहून मोठी निघाली.

आता चूक काय होती? मी नेटवरचा आकडा उचलून सरासरी बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे ते, बांधला होता. यूट्यूबची शिफारस १०८०पी, ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट आणि ६० फ्रेमसाठी १२. आकडा बरोबर आहे, पण तो सरसकट आहे. सगळ्या घरांना सारखंच धान्य मोजून दिल्यासारखं. शॉटकटमध्ये प्रगत पर्याय उघडून कोडेकच्या (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीच्या) पानावर गेलात की रेट कंट्रोल दिसेल. तिथं ‘क्वालिटी-बेस्ड व्हीबीआर’ निवडायचं. म्हणजे तुम्ही दर्जा सांगता आणि ज्या प्रसंगाला जेवढे बिट लागतील तेवढे एन्कोडर घेतो. मूळ सेटिंग ५५ टक्के असतं, म्हणजे एक्स२६४ या एन्कोडरच्या भाषेत सीआरएफ २३ (हा आकडा जितका कमी तितका दर्जा वर). मी यूट्यूबसाठी ६५ ठेवतो, ते सीआरएफ १८ ला येतं. सीआरएफ ६ नं वाढला की फाइल साधारण निम्मी होते असा ढोबळ हिशेब आहे. शॉटकटच्या टक्केवारीत ते बारा टक्के खाली येणं झालं. एवढं डोक्यात राहिलं की पुढं अंदाज चुकत नाही.

यात एक गैरसोय आहे. फाइल किती मोठी होणार ते आधी कळत नाही. मी टाइमलाइनवर सगळ्यात उधळणीच्या वीस सेकंदांना मार्कर लावतो, तेवढाच तुकडा एक्स्पोर्ट करून बघतो, मग पूर्ण काढतो.

“पण यूट्यूब परत दाबतंच की, मग एवढं कशाला?” हा प्रश्न मंडळातल्या पोरांनी मला किमान दहा वेळा विचारला असेल. दाबतं म्हणूनच! तुम्ही काहीही चढवा, तिथं त्याच्या नव्या प्रती बनतात, १४४पी पासून वरपर्यंत. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. पहिलीच प्रत पुसट असेल तर दुसरी काय दिसणार? म्हणून यूट्यूबला जायची फाइल जड असू दे. १० मिनिटांचा व्हिडिओ सरासरी ८ मेगाबिटनं ६०० एमबीचा होतो (मेगाबिट गुणिले सेकंद, भागिले ८, झाले एमबी). भंडाऱ्याचा ६५ टक्क्यांवर त्याच्या दुपटीलाही जातो. घरी फायबर आलंय, रात्री लावून झोपायचं.

याच संदर्भातली एक युक्ती मला माघात मिळाली, चिंचलीच्या मायाक्का यात्रेच्या वेळी. १०८०पी त शूट केलेला व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना १४४०पी ला मोठा करून चढवायचा. चित्रात नवा तपशील येत नाही, तो येणार तरी कुठून. पण संगणकावर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. आमच्या छोट्या चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओंवर कोडेकसमोर एव्हीसी१ (म्हणजे जुना एच.२६४) दिसायचं, १४४०पी नं चढवलेल्यावर व्हीपी०९ दिसलं. हा दुसरा कोडेक अधिक हुशार आहे आणि वरच्या रिझोल्यूशनला बिटही जास्त मिळतात. “चांगभलं” म्हणत उधळलेला भंडारा पहिल्यांदाच भंडाऱ्यासारखा दिसला. किंमत एवढीच की माझ्या लॅपटॉपला वेळ लागतो आणि पंखा असा ओरडतो की घरातली उठून बघायला येतात. बोलण्याचा, कीर्तनाचा व्हिडिओ असेल तर मी हे करत नाही.

आता वीज. लॅपटॉपची बॅटरी मेलेली हे वर सांगितलंच. जानेवारीत एका लग्नाचा पाऊण तासाचा एक्स्पोर्ट शेवटाला आलेला असताना लाइट गेली. फाइल फोल्डरमध्ये होती, आकारही भरपूर, पण कुठंच उघडेना. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सगळं काम संपल्यावर लिहिली जाते. ती नाही तर पानं असूनही पुस्तक वाचता येत नाही. तेव्हापासून लांबलचक काम असलं की मी एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत काढतो. मधेच तुटलं तरी तिथपर्यंतचं वाजतं, उरलेल्या भागाला मार्कर लावून तेवढंच परत काढायचं. शेवटी एफएफएमपेग नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं फाइलचा नुसता बाहेरचा डबा बदलून एमपी४ करायचा, आतल्या चित्राला धक्का लागत नाही. हे सगळं करण्यापेक्षा यूपीएस घ्या असं बायकोचं म्हणणं. बरोबर आहे.

यूट्यूबचं असं मार्गी लागलं, पण माझा सगळ्यात कडक प्रेक्षक यूट्यूबवर नाहीच. माझी आत्ती गडहिंग्लजला असते. तिच्याकडं नातवाचा उतरलेला फोन, व्हिडिओ बघायची जागा म्हणजे व्हॉट्सअॅप. गावच्या जत्रेचा चार मिनिटांचा तुकडा पाठवला तर अर्ध्या तासानं फोन.

“काय पाठवलंयस रे हे? अक्षरं लागंनात मला.”

“चष्मा लाव की आत्ती.”

“चष्मा लावूनच बघालोय. ‘चागभल’ म्हंजे काय?”

बघितलं तर खरंच. व्हॉट्सअॅप पाठवताना व्हिडिओ लहान करतं, त्यात पाटीवरचे अनुस्वार गायब झाले होते. रफार तर आधीच गेलेले. देवनागरीचं हे दुखणं रोमन लिपीवाल्यांच्या मार्गदर्शक व्हिडिओंत कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या डोक्यावर काही बसलेलं नसतं. आपला निम्मा अर्थ शिरोरेषेच्या वर असतो, आणि दाबताना पहिली पुसतात ती बारीक टिंबंच.

त्यात मी अक्षरं केली होती लाल, पार्श्वभूमी पिवळी. देवळाची पाटी दिसते तशी. इथं दुसरी गोम आहे. नेहमीच्या ४:२:० व्हिडिओत उजेड-अंधार पूर्ण तपशिलानं साठवतात, पण रंगाचा तपशील आडवा-उभा निम्मा, म्हणजे चार ठिपक्यांमागं एक. त्यामुळं केवळ रंगाच्या फरकावर उभी असलेली अक्षरं कडेला फुटतात. पांढरं अक्षर, त्याला जाड काळी कड, एवढं केलं की ती तग धरतात. फॉन्ट मुक्ता, ठळक वजनातला. नाजूक, लग्नपत्रिकेचे फॉन्ट मी सोडून दिले. देणगीदारांची यादी एका पाटीवर बारा नावांऐवजी चारच. मंडळाच्या अध्यक्षांना ते पटलं नाही, व्हिडिओ लांबतो म्हणाले.

आत्तीसाठी मग वेगळा एक्स्पोर्ट सुरू केला : ७२०पी, दर्जा ५०, आवाज १२८ केबीपीएस. पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडतो, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जातं, पण आत्तीच्या फोनमध्ये तेवढी जागा कुठली. शॉटकटमध्ये आपलं सेटिंग नाव देऊन जतन करता येतं. माझ्या यादीत आता ‘आत्ती’ नावाचा प्रीसेट आहे.

दुसरा आहे ‘फौजी’. चुलतभाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत. बेळगावच्या सेंटरला होता तोवर प्रश्न नव्हता, आता पोस्टिंग अशा ठिकाणी की नेट आलं तर आलं. त्याला दर्जाबिर्जा नको, आकार हवा. “३० एमबीच्या वर पाठवू नको दादा, अर्ध्यात तुटतंय.” इथं माझं वरचं सगळं तत्त्वज्ञान उलटं होतं. आकार ठरलेला असेल तर सरासरी बिटरेटच बांधावा लागतो. ३ मिनिटं म्हणजे १८० सेकंद. ३० गुणिले ८ भागिले १८०, म्हणजे सेकंदाला १.३३ मेगाबिट. त्यातले आवाजाला ९६ किलोबिट काढले, फाइलच्या डब्याला थोडं सोडलं, चित्राला उरले १.२. एवढ्यात १०८०पी चा हट्ट धरला तर सगळीकडं ठिगळं दिसतात. ८५४ बाय ४८० केलं की फोनवर छान दिसतं. ‘ड्युअल पास’वर खूण करायची : पहिल्या फेरीत एन्कोडर नुसता बघून ठेवतो कुठं उधळण आहे, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणं वाटणी करतो. वेळ जास्त लागतो, पण आकार बरोबर बसतो.

हार्डवेअर एन्कोडरची खूण मी काढून ठेवलीय. माझ्या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा एन्कोडर एच.२६४ भराभरा काढतो हे खरं, पण तेवढाच दर्जा हवा तर फाइल मोठी होते आणि भंडाऱ्यात पटकन उघडा पडतो. घाईनं मंडळाला दाखवायची कच्ची प्रत काढायला ठीक. एच.२६५ या नव्या कोडेकचं नाव खूप ऐकलं होतं, निम्म्या आकारात तोच दर्जा वगैरे. असेलही, पण या लॅपटॉपवर ते काढायला रात्र पुरत नाही आणि आमच्या भावकीतले निम्मे जुने टीव्ही ती फाइल ओळखत नाहीत. टीव्हीवरून आठवलं, पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. दोन तासांचं लग्न ८ मेगाबिटनं ७.२ जीबी होतं. तुकडे करा किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, टीव्ही घेतो का ते आधी बघून.

वैशाखात बेळगावला शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक शूट करायला गेलो. रात्रभर चालते ती, पहाटेपर्यंत. तिथं एक्स्पोर्टच्याही आधीच्या चुका कळल्या. दिव्यांच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसले : आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन ३० फ्रेमवर स्वतःच्या मर्जीनं शटर धरतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० ला ठेवायचं, नाहीतर प्रो मोडमध्ये शटर १/५०. हे नंतर कुठल्याच सेटिंगनं नीट होत नाही. फोन फ्रेमरेटही खालीवर करत राहतो. अशी क्लिप आत घेताना शॉटकट स्वतःच ‘एडिट-फ्रेंडली’ करू का विचारतं. हो म्हणा. मी आळसानं नको म्हटलं आणि शेवटाला ताशाची काठी आधी, आवाज मागून असं झालं. एका मित्राच्या आयफोनच्या एचडीआर (जादा उजेड-रंग साठवणाऱ्या) क्लिपा होत्या, भगवे झेंडे धुतल्यासारखे फिके. त्याच रूपांतराच्या खिडकीत बीटी.७०९ (नेहमीच्या व्हिडिओची रंगपद्धत) ची खूण केली, रंग जागेवर आले. अंधारातल्या रवाळ चित्राला ‘रिड्यूस नॉइज’ फिल्टर हलका लावला की फाइलही उतरते, कारण तो रवाही भंडाराच.

आवाजाचं थोडक्यात : ढोल-ताशाला बिटरेट वाढवून काही होत नाही, फोनच्या माइकमध्येच तो फाटलेला असतो. लांब उभं राहा. यूट्यूब फार मोठा आवाज साधारण −१४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाच्या पातळीचं माप) खाली ओढतं, बारीक आवाज वर काढत नाही. म्हणून कीर्तनाचा आवाज मी आधीच तिथवर आणतो.

शॉटकटला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो एक्स्पोर्टच्या तयार प्रीसेटच्या लांबलचक यादीसाठी. नवख्या माणसाला त्यातलं कुठलं दाबावं हे कळत नाही, आणि ‘यूज प्रीव्ह्यू स्केलिंग’ नावाची खूण चुकून राहिली तर सगळी मेहनत अंधुक होऊन बाहेर पडते. माझी एकदा राहिली होती.

परवा ‘आत्ती’ प्रीसेटमधून गावच्या जत्रेचा व्हिडिओ पाठवला. पांढरी अक्षरं, काळी कड, पाटीवर चार नावं. दहा मिनिटांत फोन.

“आता कसं, सगळं लखलखीत दिसालंय बघ.”

“बरं झालं आत्ती.”

“बरं काय? देणगीत तुझ्या मामांचं नाव न्हाई त्यात. मागल्या बारीला असंल म्हणून म्या गप बसलोतो, वाचायलाच येत नव्हतं.”