कुत्र्या-मांजराचा सीपीआर: २०१२ की २०२४?
रिकव्हर गाइडलाइन्सची (हृदय बंद पडलेल्या कुत्र्या-मांजरांना सीपीआर कसा द्यायचा याची मार्गदर्शक तत्त्वं) २०१२ची आणि २०२४ची एडिशन शेजारी ठेवून बघितली तर बेसिक तेच आहे, मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन्स (छातीवर दाब), दोन-दोन मिनिटांच्या सायकल्स, श्वासनलिकेत ट्यूब टाकली असेल तर मिनिटाला १० श्वास. खरा फरक औषधांत. २०१२मध्ये सीपीआर लांबला तर अॅड्रेनालिनचा हाय डोस विचारात घ्या म्हणायचे, २०२४ने तो सरळ काढूनच टाकला, अॅट्रोपिनही (हृदयाचे ठोके वाढवणारं औषध) दिलंच तर एकदाच. ट्यूब नसेल तर तोंडाने श्वास देण्यापेक्षा घट्ट बसणारा मास्क बरा (चावरं जनावर सांभाळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!). मांजरांच्या छातीवर हात कसे ठेवायचे तेही नव्यात नीट दिलंय. माझ्या मते भिंतीवर जुना चार्ट असेल तर आजच बदला.