पवित्र त्रैक्य आणि रोजचे जगणे : एका निवासी शिबिराविषयी

पेंटेकॉस्टनंतरच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरच्या, रविवारी कॅथोलिक चर्चमध्ये पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींतील एका देवाचा, सण असतो. पोप बाविसावे जॉन यांनी १३३४ साली तो साऱ्या चर्चसाठी लागू केला. मात्र त्या दिवशीच्या प्रवचनातून घरी काय न्यायचे, हा प्रश्न धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या परिसरातल्या) अनेकांना दरवर्षी पडतो. देव एक आणि व्यक्ती तीन, हे आपण लहानपणी पाठ केलेले असते आणि पाठ झाल्यावर बहुधा तसेच बाजूला ठेवून दिलेले असते. वसई परिसरातील एका साधना केंद्राने या सणाला जोडून, शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या मिस्साबलिदानापर्यंत (चर्चमधील मुख्य उपासनेपर्यंत), विवाहित प्रापंचिकांसाठी ‘त्रैक्य आणि दैनंदिन जीवन’ या विषयावर निवासी शिबिर घेतले. आम्ही पतिपत्नी त्यात सहभागी झालो होतो. केंद्राचे नाव येथे घेत नाही, कारण मला शिबिराच्या आखणीविषयी लिहायचे आहे.

शुक्रवारचे व्याख्यान दोन वेगळ्या हातांनी लिहिल्यासारखे होते. पहिला भाग उत्तम. त्रैक्याची शिकवण शब्दांत मांडणाऱ्या चर्चच्या दोन परिषदा, ३२५ सालची नायसिया येथील आणि ३८१ सालची कॉन्स्टँटिनोपल येथील, यांची सनावळी झटपट आटोपून मार्गदर्शक धर्मगुरूंनी चौथ्या शतकातले बिशप संत बेसिल यांच्यावर झालेल्या एका आक्षेपाची हकीकत सांगितली. बेसिल उपासनेत कधी ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ पित्याचा महिमा गात, तर कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ गात. दुसऱ्या पद्धतीला लोकांनी हरकत घेतली आणि त्या हरकतीला उत्तर देताना बेसिल यांनी पवित्र आत्म्याच्या देवत्वाची सविस्तर मांडणी केली. लोक प्रार्थना कशी करतात, यावरून हा वाद पेटला होता, ही गोष्ट ऐकणाऱ्याला विषयाच्या आत ओढून घेते.

दुसऱ्या भागात मात्र पडद्यावर पाणी, बर्फ आणि वाफ अवतरली. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि तो चुकीचा आहे. एकच देव वेळ पडेल तसे तीन वेश घेतो, अशी शिकवण तिसऱ्या शतकात सबेलियस याच्या नावाने ओळखली गेली आणि चर्चने ती नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र उभा असताना पित्याची वाणी ऐकू येते आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो. तिघे एकाच वेळी आणि एकमेकांच्या समोर आहेत. सहभागींपैकी एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी ०.०१ अंश सेल्सिअसला, ठरावीक दाबाखाली, पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र राहू शकतात असे सांगून वक्त्यांची बाजू सावरली खरी, पण त्यामुळे उरलेला वेळ भौतिकशास्त्रातच गेला. पुढच्या वेळी आयोजकांनी हा भाग सरळ वगळावा.

शिबिराचे खरे मोल शनिवारी सकाळी कळले. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या चार आठवड्यांच्या साधनाक्रमात, दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी, एक चिंतन आहे: त्रैक्यातील तीन व्यक्ती साऱ्या पृथ्वीकडे पाहत आहेत, तेथे कोणी शांततेत आहे, कोणी युद्धात, कोणी रडत आहे, कोणी हसत आहे, कोणी जन्माला येत आहे, कोणी मरत आहे, आणि हे पाहून मानवजातीच्या तारणासाठी पुत्राने मनुष्य व्हावे, असा त्या तिघांचा निर्णय होतो. एरवी हे चिंतन चॅपेलमध्ये डोळे मिटून केले जाते. येथील सिस्टरांनी आम्हाला फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन बसवले. सूचना तीनच होत्या: माणसे पाहा, ती काय बोलतात ते ऐका, ती काय करतात याकडे लक्ष द्या. मनात शेरे मारायचे नाहीत आणि प्रार्थनेचे शब्दही जुळवायचे नाहीत.

माझ्या समोर सुकी मासळी विकणारी एक वयस्क बाई बसली होती. पावसाच्या तोंडावरचे दिवस असल्यामुळे गिऱ्हाईक बरेच होते. ती पेल्याने जवळा मापून देत होती आणि प्रत्येक मापावर, गिऱ्हाईकाने मागण्याआधीच, वर एक मूठ टाकत होती. एका तरुणाशी मात्र तिने दहा रुपयांवरून चांगलीच हुज्जत घातली आणि तो पाठमोरा झाल्यावर त्याला हाक मारून त्याच्याही पिशवीत मूठभर जवळा ओतला. मागे रिक्षाथांब्यावर रांग मोडण्यावरून भांडण चालले होते. मी एरवी अशा जागी मोबाइलमध्ये डोके घालून उभी असते. आपण ज्या माणसांना गर्दी म्हणतो त्यांच्याकडे पित्याने, पुत्राने आणि पवित्र आत्म्याने एकत्र पाहिले आहे, ही जाणीव ठेवून पाहणे म्हणजे काय, हे व्याख्यानातून मला समजले नसते. विरार लोकलच्या महिला डब्यात चौथ्या सीटवरून वाद सुरू झाला की आता हा अभ्यास करून पाहते. दर वेळी जमतोच असे नाही.

दुपारच्या सत्रासाठी २०२१ ते २०२४ या काळातील सिनॉडमध्ये, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या विचारविनिमय सभेत, वापरली गेलेली संवादाची पद्धत घेतली होती. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले म्हणणे मांडायचे. दुसऱ्या फेरीत स्वतःचे काही न सांगता इतरांच्या बोलण्यातले काय मनाला भिडले एवढेच सांगायचे. तिसऱ्या फेरीत मिळून पुढची दिशा शोधायची. आणि प्रत्येक फेरीनंतर मौन. आम्ही दोघांनी आमच्या घरचा खराखुरा प्रश्न घेतला, सासूबाईंच्या आजारपणात त्यांची देखभाल कोणी आणि कशी करायची, हा. दुसरी फेरी अवघड आहे. समोरचा बोलत असताना आपण उत्तर तयार करत असतो, ही सवय तेथे उघडी पडते. आमच्या प्रश्नाचा निकाल त्या दुपारी लागला नाही, पण यजमान नोकरीतल्या रजेविषयी जे बोलले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकले.

या सत्राच्या मांडणीवर माझा एक गंभीर आक्षेप आहे. त्रैक्यात कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही, म्हणून आपल्या घरातही तसेच असावे, असे सूत्र वक्त्यांनी फळ्यावर लिहिले. घरात समानता असावी याविषयी वादच नाही. स्वयंपाक करणारीने शेवटी, उरलेसुरले जेवावे ही रीत आमच्या ख्रिस्ती घरांतूनही पुरती गेलेली नाही. पण आपल्याला आवडणारे कुटुंबाचे चित्र आधी देवावर रंगवायचे आणि मग देवाकडे बोट दाखवून तेच चित्र खरे म्हणायचे, यात धोका आहे, कारण उद्या दुसरा कोणी ‘पिता’ या शब्दावर बोट ठेवून घरातल्या पुरुषाची हुकमत सिद्ध करू शकेल. निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दिसले तरी त्याहून अधिक वेगळेपण असते, असे रोममधील लॅटेरन येथील चर्चच्या चौथ्या परिषदेने १२१५ सालीच बजावले आहे. प्रापंचिक माणूस पित्याकडे, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत तो ओढला जातो आणि त्यातून त्याचे वागणे बदलू शकते. सकाळच्या सत्रात नेमके हेच घडत होते.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती, शुल्क ऐच्छिक देणगीच्या स्वरूपात होते. जेवण घरच्यासारखे, तांदळाच्या भाकऱ्या गरम मिळत आणि चहाबरोबर सुकेळी (सुकवलेली केळी) होती. जेवताना स्वतःच्या ताटात स्वतः वाढून घ्यायचे नाही, शेजाऱ्याने वाढायचे, असा नियम होता. पहिल्या जेवणाला सगळे अवघडले आणि नंतर त्यातून भरपूर हसू झाले. घरी नेण्यासाठी दिलेली पुस्तिका निराशाजनक आहे. तीत लांबलचक प्रार्थना ठासून भरल्या आहेत आणि रस्त्यावरच्या चिंतनाचा उल्लेखही नाही.

सर्वांत मोठी उणीव मुलांची. विवाहितांसाठीच्या शिबिरात लहान मुले सांभाळण्याची काहीच व्यवस्था नसल्याने तिशीतली जोडपी जवळजवळ आलीच नाहीत आणि आम्ही पन्नाशीच्या पुढची मंडळी एकमेकांना ऐकत बसलो. ज्यांची मुले मोठी आहेत त्यांनी अवश्य जावे. ज्यांची लहान आहेत त्यांनी नाव नोंदवण्याआधी केंद्राला फोन करून ही सोय स्पष्ट शब्दांत मागावी. मागणी आली तर एक खोली आणि दोन सिस्टर देणे कोणत्याही केंद्राला अशक्य नाही.