वेस्टा बघायला १०×५० द्विनेत्री: घ्यावी का?

वेस्टा या लघुग्रहासाठी १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर रुंद भिंगांची) घेत असाल तर बेशक घ्या. फक्त दिसणार तो ठिपका, हे आधीच मनात ठेवा. लघुग्रह सव्वापाचशे किलोमीटरचा आहे खरा, पण अगदी जवळ आला तरी आकाशात अंशाचा ३६०० वा भागही व्यापत नाही. दक्षिणेकडचं ५०० किलोमीटरचं अवाढव्य विवर जवळून बघायला नासाच्या डॉन यानाला २०११ साली तिथे जावं लागलं. पाच तास वीस मिनिटांत तो स्वतःभोवती फिरतो, तेही डोळ्याला कळत नाही.

तो ओळखायचा सरकण्यावरून. प्रतियुतीच्या (तो पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो त्या) सुमारास रोज साधारण पाव अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची अर्धी रुंदी. दिसतात ते आठ-दहा तारे कागदावर टिपा, दोन रात्रींनी ताडून पाहा. जो जागेवर नाही, तो वेस्टा. जर्मनीतल्या ब्रेमेनचे डॉक्टर ओल्बर्स यांना २९ मार्च १८०७ रोजी तो कन्या राशीत सापडला; नाव मात्र गणितज्ञ गाऊसने दिलं.

हे टिपण हातात धरून जमत नाही. दहापट मोठं दिसतं तशी थरथरही दहापट होते आणि सहाव्या प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका अंधुक) ठिपका पुसट रेघ होऊन बसतो. म्हणून नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घेताना मधल्या बिजागरीची पुढची टोपी फिरवून काढा. आत ट्रायपॉड अडॅप्टरचे आटे नसतील तर ती द्विनेत्री परत ठेवा, काचा कितीही चांगल्या असोत. मग दूरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड फोकस करा आणि द्विनेत्री डोळ्यांपासून हळूहळू चार-सहा इंच लांब न्या. दोन नळ्यांतली कड वर-खाली झाली तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) हललेलं आहे. अशा द्विनेत्रीने तासाभरात डोकं धरतं.

नागपूर शहरात, धरमपेठेतल्या गच्चीवरूनही वेस्टा मिळतो, कारण त्याचा पृष्ठभाग पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४० टक्के परत फेकतो. त्याच पट्ट्यातला सेरेस हा बटुग्रह ९४० किलोमीटरचा असूनही काळपट आणि जास्त लांब. त्यासाठी शहराबाहेर रामटेककडचा अंधार गाठलेला बरा.

मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, फोकसच्या चाकातलं वंगण पातळ होऊन ओघळतं. पावसाळ्यात घट्ट डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, नाहीतर प्रिझमवर बुरशी धरते.

झूमवाली मात्र दुकानदाराने कितीही गळ घातली तरी घेऊ नका. कमी झूमवर आकाशाचा तुकडा अरुंद दिसतो, जास्त झूमवर अंधुक.