आठवी-नववीच्या कोरकू मुलांसाठीचा उपक्रम-संच: नऊ महिने वापरल्यावर

वापराची जागा आधी सांगतो, कारण निम्मं यशापयश तिथेच ठरतं. मेळघाट, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याचा पट्टा. निवासी शाळा, वर्गात चाळीसेक मुलं-मुली, बहुतेकांच्या घरची भाषा कोरकू. जूनअखेर ते मार्च असा वापर झाला. भावना, भाषा आणि आरोग्य यांवरच्या या संचात भावनांचा तक्ता, गोल बैठक, शब्दभिंत, रानभाज्यांची नोंदवही आणि आरोग्याचे तास होते, आणि ते कसे घ्यायचे ते सांगणारी पुस्तिका. जिथे आधी बोलायला सांगितलं तिथे उपक्रम पडला, जिथे आधी हाताला काम दिलं तिथे चालला.

भावनांचा तक्ता सगळ्यात देखणा आणि सगळ्यात निरुपयोगी. बारा चेहरे, खाली ‘निराश’, ‘अस्वस्थ’, ‘उत्साही’ असे शब्द. वर्गासमोर येऊन बोट ठेवायचं. बोट हसऱ्या चेहऱ्यावरच जातं. यात मुलांची लबाडी नाही. तेरा-चौदाव्या वर्षी चाळीस जणांपुढे ‘मी निराश’ असं परक्या भाषेत कोण सांगेल?

त्याऐवजी चिंचोका-खडा पद्धत ठेवली. रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका, एक खडा. दिवस बरा गेला तर चिंचोका पहिल्या पिशवीत, नाहीतर खडा. उरलेलं दुसऱ्या पिशवीत. मूठ पिशवीच्या आत नेऊनच उघडायची. पिशवी कापडीच हवी. पत्र्याच्या डब्यात खडा टणकन वाजतो आणि कोणी टाकला ते सगळ्यांना कळतं. मोजणी मुलं झोपल्यावर. रोजचा आकडा वहीत लिहायचा, नाव कुठेच नाही. एरवी पाच-सहा असणारे खडे सलग तीन दिवस दहाच्या वर गेले की अधीक्षक-अधीक्षिकांनी खोल्यांमधून फेरी मारायची, पण ‘खडे कोणी टाकले’ हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. तो एकदा विचारला की पुढे महिनाभर पिशवीत चिंचोकेच निघतात.

गोल बैठकीच्या पुस्तिकेत अख्खा वर्ग एका गोलात सांगितलाय. तो बसत नाही. बारा ते चौदाचा गट आणि पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिले दीड-दोन महिने विषयच द्यायचा नाही. पळसाच्या पत्रावळी लावायला द्यायच्या. पानं त्याच दिवशीची हवीत. आदल्या दिवशीची असतील तर पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, नाहीतर काडी टोचताना शिरेशी फाटतात. बांबूच्या काड्या आधीच तासून ठेवाव्यात, गटात एकच चाकू आणि तो मोठ्या माणसाकडे. डोळे पानावर असले की तोंड आपोआप उघडतं, तेही कोरकूत. बसणाऱ्या शिक्षकाला कोरकू येत नसेल तर गावातली एखादी ताई किंवा स्वयंपाकघरातली मावशी गटात हवीच. भाषांतरासाठी नव्हे, ऐकणारं माणूस असावं म्हणून.

शब्दभिंतीवर, म्हणजे कोरकू-मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या लावलेल्या भिंतीवर, मात्र आम्ही फिदा आहोत. साहित्य साधं: सुतळी, कपड्यांचे चिमटे, पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या, आठवड्याला तीस. पुस्तिकेत चिठ्ठ्या खळीने चिकटवायला सांगितल्यात. पावसाळ्यात कणकेच्या खळीला आठवड्यात बुरशी येते आणि झुरळं लागतात. तिला मोरचूद घालायचा सल्लाही कोणी देईल. मुलांच्या हाताशी तो नको, विषारी आहे.

खरी गंमत व्याकरणात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते, पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग अशी नाही. म्हणून ‘माझा वही’, ‘मोठा नदी’. ही चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे एक व्याकरण आहे. आम्ही लाल पेनाने गोल करणं थांबवलं आणि चिठ्ठ्या दोनदा लावायला दिल्या: आधी कोरकूच्या नियमाने दोन ढिगांत, मग त्याच मराठीच्या नियमाने तो-ती-ते अशा तीन ढिगांत. मराठीचा नियम तर्काने सापडत नाही, पाठच करावा लागतो, हे मुलांना कळलं की त्यांची भीती निम्मी होते. उलट बाजूने वचन घ्या. सीटा म्हणजे कुत्रा, सीटाकू म्हणजे कुत्रे. ‘कोरकू’ हे नावही तसंच: कोरो म्हणजे माणूस, त्याचं अनेकवचन कोरकू. शिवाय कोरकूला द्विवचन आहे. मराठीत नाही, संस्कृतात आहे. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचं पोर शिक्षकाला शिकवायला लागतं.

अडचण येते लेखनात. कोरकूत काही ठिकाणी आवाज घशात तुटतो, देवनागरीत त्याला सोयीचं चिन्ह नाही. त्यातून गावागावाचे उच्चार वेगळे. भांडणं होतात. दोन्ही रूपं एकाच चिठ्ठीवर लिहून खाली गावाचं नाव टाकायचं. ‘शुद्ध कोणतं’ हे शाळेने ठरवायचं नाही.

रानभाज्यांची नोंदवही जुलै-ऑगस्टचीच. पान वर्तमानपत्रात दाबून वर विटा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलला नाही तर पान काळं पडतं. शाळेत चव घेऊन बघायची नाही, हा नियम पक्का ठेवा. बऱ्याच भाज्या विशिष्ट रीतीने शिजवल्याशिवाय घशाला खाजतात.

आरोग्याच्या तासांत गोळ्या आणि तपासणीचा भाग फार ढिसाळ आहे. आठवड्याच्या लोहाच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. ती जेवल्यानंतरच द्यायची. उपाशीपोटी मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात गोळ्या खिडकीबाहेर सापडतात. शौच काळं होतं हेही आधीच सांगून टाकावं. सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह नको. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. पुस्तिका सिकलसेलची तपासणी सांगते, पण निकालाचं काय करायचं ते सांगत नाही. नावं वर्गात वाचायची नाहीत. वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः सहसा आजारी नसलेला) आणि रुग्ण यांतला फरक नावं न घेता सगळ्यांना शिकवायचा, कारण पुढे लग्नं जुळवताना तोच गोंधळ मुलींच्या अंगावर येतो. रुग्ण मुलाला मैदानावरून हाकलू नका. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांनाच पाणी पाजा, म्हणजे त्याचं वेगळेपण दिसत नाही. चिखलदऱ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड पाण्याची आंघोळ म्हणजे त्याच्या हाडदुखीला आमंत्रण. गरम पाण्याची सोय हाच त्या महिन्यांतला सगळ्यात मोठा स्वास्थ्य-उपक्रम.

वेळापत्रक संचात सलग छापलंय. इथे ते दोनदा तुटतं. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर मजुरीला जातात आणि उशिरा परततात. होळी तर कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, फगवा, म्हणजे होळीची ओवाळणी, मागण्यात दिवस जातात, त्याच सुमारास मोहाची फुलंही गळायला लागतात. परतल्यावर पहिला आठवडा चाचणी नको. पत्रावळीपासून पुन्हा सुरू करायचं. खडेही त्या आठवड्यात वाढतात, त्याने घाबरू नये.

शेवटच्या पानावर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हे फोन नंबर छापलेत. दोन्ही उपयोगाचे, पण मुलाकडे फोन नाही, आणि शाळेतला फोन कार्यालयात, सगळ्यांच्या कानाशी. आम्ही एक साधा बटणांचा फोन मुलींच्या बाजूला अधीक्षिकांच्या खोलीबाहेर आणि एक मुलांच्या बाजूला ठेवला. आवारात रेंज कुठे येते ते आधी फिरून बघा आणि तिथेच फोन टांगा.