एकाच नंबरचे दोन बॅलास्ट : झेनॉन लाइट बसवण्याआधी हे वाचा

समोर टेबलावर दोन बॅलास्ट ठेवून हे लिहितोय. बॅलास्ट म्हणजे झेनॉन बल्ब पेटवणारा ॲल्युमिनियमचा चपटा डबा. दोन्हींवर सीरियल नंबरचं स्टिकर आहे आणि दोन्हींवरचा नंबर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत एकच आहे. नखाने एक स्टिकर उचकटलं तर खाली भलतंच नाव छापलेलं निघालं. या मालासाठी मी 4,800 रुपये मोजले. पैशांचं दुःख आहेच, पण या लाइटपायी इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात एका कुटुंबाचा जीव जाता जाता वाचला. ती रात्र डोक्यातून जात नाही.

आई खंडव्याला असते. दर शनिवारी काम आटोपलं की मी इंदूरहून निघतो, सिमरोल येईपर्यंत अंधार पडलेला असतो. गाडी जुनी वॅगन-आर. वर्षभरापासून लाइट फार मंद वाटत होते. पन्नाशी उलटली आहे, म्हटलं आपले डोळेच अधू झाले असतील. तपासून आलो, चष्म्याचा नंबर होता तोच. मग शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो.

‘‘भिया, हॅलोजन का जमाना गया. ओरिजिनल जर्मन माल है, आरटीओ पास, एक साल की वारंटी.’’ बोलता बोलता दुकानदाराने झेनॉनचा बल्ब बॅटरीला जोडून भिंतीवर झोत पाडून दाखवला. पाच फुटांवरच्या भिंतीवर कुठलाही लाइट लखलखीतच दिसणार, हे तेव्हा सुचलं नाही. खोक्यावर 35 वॅट, 4300 केल्विन आणि गोलातला ‘ई’चा, म्हणजे युरोपातल्या मान्यतेचा, शिक्का होता. तासाभरात काम झालं. हेडलाइटच्या मागचं रबरी कव्हर त्याच्या पोऱ्याने ब्लेडने कापलं, जुन्या वायरींना नव्या वायरी पिळून वर टेप गुंडाळली. माझे कंपनीचे बल्ब ‘‘ये तो कचरा है’’ म्हणत खणात टाकले. मी शेजारी उभा राहून सगळं पाहत होतो आणि एका शब्दानेही विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी तेजाजी नगरपर्यंत मी खुशीत होतो. बंपरपुढचा रस्ता निळसर पांढरा चमकत होता. पुढे वस्ती संपली तशी समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिपर द्यायला लागली. माझा लाइट डिपरवरच, म्हणजे खालच्या झोतावरच होता. झाडांचे शेंडे, वरच्या पाट्या, सगळं उजळत होतं, पण लांबचा रस्ता मात्र काळाच. घाटातल्या एका वळणावर समोरून मोटारसायकल आली. पुढे माणूस, मागे बाई, मध्ये लहान मूल. माणसाने डोळ्यांवर हात धरलेला दिसला आणि दुसऱ्या क्षणी गाडी डांबरावरून खाली मातीत उतरली. पुढे दरीच्या बाजूला हातभर जागा उरली होती. मी गाडी थांबवून धावलो. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘‘साहब, कुछ दिखा ही नहीं.’’ मूल आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होतं.

तरीही मी ते लाइट लगेच काढले नाहीत, याची आज लाज वाटते. दुकानदाराने ‘‘ॲडजस्ट कर देता हूँ’’ म्हणून स्क्रू फिरवून झोत खाली केला. मग तर वीस पावलांपलीकडचं काही दिसेना. पाचव्या आठवड्यात मोरटक्क्याच्या पुलावर डावा लाइट फडफडला आणि विझला. दुकानात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा ‘‘कंपनी को भेजना पड़ेगा’’, दुसऱ्यांदा ‘‘आपकी गाड़ी की वायरिंग कमजोर है’’, तिसऱ्यांदा ‘‘ये माल हमारा है ही नहीं’’.

शेवटी इंदूरच्या छावणी भागातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी हॅलोजनचा एच-4 बल्ब माझ्या हातात दिला. आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या, म्हणजे हेडलाइटमधल्या चकचकीत वाटीच्या, खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. सगळा रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. झेनॉनमध्ये फिलामेंटच नाही. वीस हजारांवर व्होल्टचा झटका देऊन गॅसमध्ये ठिणगी पेटवतात. तिचा आकार वेगळा, आणि या स्वस्त किटमध्ये तिची जागाही मिलिमीटरभर इकडेतिकडे. मग उजेड फाकणारच. कंपनीतूनच झेनॉन घेऊन येणाऱ्या गाड्यांचा हेडलाइटच त्यासाठी वेगळा घडवलेला असतो. युरोपात 2,000 ल्युमेनवरच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) डिपरला काच धुणारा फवारा आणि झोत आपोआप वरखाली करणारी यंत्रणा सक्तीची आहे. माझ्या गाडीत यातलं काय होतं?

खरा दोष त्यांनी मीटर लावून दाखवला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर 11.4. वायरी आणि स्विच जुने झाल्यामुळे मधल्या मध्ये गळती. हॅलोजनला इतकं व्होल्टेज कमी पडलं की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यात हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली. त्यांनी बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेसह नवी वायर ओढली, काच घासून पॉलिश केली, साधे 60/55 वॅटचे बल्ब बसवले. एकूण खर्च 1,650 रुपये. लांबचा रस्ता आता दिसतो. टेप गुंडाळलेल्या जुन्या जोडाचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागलं होतं, तो तुकडाही त्यांनी मला दिला.

तेव्हा लाइट मंद वाटले तर आधी कुणाकडून तरी सॉकेटवरचं व्होल्टेज मोजून घ्या. ‘आरटीओ पास’ म्हणणाऱ्याकडे कागद मागा, नुसत्या शब्दाला काही अर्थ नाही. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे. ‘झेनॉन नको तर 100/90 वॅटचा हॅलोजन घ्या’ म्हणणाऱ्यालाही हात जोडा, तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय सॉकेट जाळतो. काही बदललंच, तर जुने बल्ब मागून घरी आणा. माझे परत मिळाले नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि बिलावर काय लिहिलंय ते विचारलं. माझ्याकडे वहीतून फाडलेला कागद आहे. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, मालाचा नंबर नाही. निळ्या शाईत एवढंच : लाइट सेट, 4,800.