चहाच्या फ्रँचायझीची दुसरी जागा मंजूर करून घेणं : कापसाचा एक सीझन गेल्यावरचा अनुभव

दिग्रसला आमचं चहाच्या फ्रँचायझीचं दुकान आधीपासून आहे, दुसरं दारव्ह्याला दसऱ्याच्या आधी सुरू केलं, आणि आता कापूस संपून उन्हाळाही निघत आला तेव्हा लिहून राह्यलो. कंपनीचं नाव घेत नाही, मला चहाच्या चवीबद्दल नाही तर जागेच्या मंजुरीबद्दल बोलायचं आहे. यवतमाळ-वाशिमकडचे लय जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा असा कायदा नाही, जे काय आहे ते तुमच्या करारात. त्यामुळे करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका, वकिलाला दोन पैसे द्या पण समजून घ्या. पहिलं दुकान चांगलं चालते म्हणून दुसरी जागा आपोआप भेटत नाही, प्रत्येक जागेची मंजुरी वेगळी, फी वेगळी. आणि कंपनीनं जागा मंजूर केली म्हणजे धंद्याची हमी दिली असं नाही, आमच्या करारात तसं साफ लिहिलेलं आहे. म्हणून मंजुरी भेटवायची घाई करण्यापेक्षा अर्जात खरी माहिती जाणं जास्त महत्त्वाचं, कारण उद्या दुकान बसलं तर भाडं आपल्यालाच भरायचं आहे.

फॉर्ममध्ये समोरची रुंदी, चौरस फूट, भाडं, थ्री फेज, पाणी, पार्किंग हे सगळं विचारतात, ते ठीकच आहे. पण जवळचं कॉलेज, आयटी पार्क, रेल्वे स्टेशन असे रकाने आले की समजते की हा फॉर्म पुण्यात बसून बनवला आहे. तिथल्या पोरानं नकाशावर दारव्हा मोतीबाग स्टेशन पाहिलं आणि जागेला त्याचे मार्क देऊन टाकले. मी लगेच कळवलं की भाऊ, शकुंतला म्हणजे इथली जुनी छोटी रेल्वे बंद होऊन वर्षं झाली, वर्धा-यवतमाळ-नांदेडची नवीन लाईन होऊन राह्यली पण ती सुरू होईल तेव्हा होईल, आजचं गिऱ्हाईक तिच्यावर धरू नका. मार्क कमी झाले, होऊ द्या.

खरी अडचण आली फुटफॉलची, म्हणजे जागेसमोरून किती लोकं जातात त्या मोजणीची. त्यांना पाहिजे होता सोमवार आणि शनिवार, तेही दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ. भाच्याला समोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवला, वही घेऊन, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, पायी वेगळे, टू-व्हीलर वेगळ्या. आकडा पाठवला तर उत्तर आलं की सरासरी कमी आहे. कमीच येईल ना! आपल्याकडे चहा पहाटेच्या एसटीपासून सुरू होते, मग तहसीलची, कोर्टाची कामं घेऊन खेड्यावरचे लोकं दहा-अकरापर्यंत येतात आणि चारच्या आत परत निघतात. संध्याकाळी सातनंतर रस्ता रिकामा. मग आम्ही पहाटे पाच ते रात्री आठ अशी अख्ख्या दिवसाची वेगळी मोजणी केली, एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, दोन्ही कागद जोडले. सोबत आमच्याच दिग्रसच्या दुकानाची महिनेवार विक्री लावली, त्यात दिवाळीपासून कापूस घरात येतो तेव्हा विक्री कशी चढते आणि मे महिन्यात कशी पडते ते सरळ दिसते. माझ्या मते मंजुरी या कागदानंच भेटली. साइट पाहायला जे साहेब आले त्यांना आग्रह करून मुक्कामाला ठेवलं, म्हणजे बाजार आणि साधा दिवस दोन्ही त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं पाहिले.

भाडेकराराचं नीट ऐका. मालक आमचे चांगले, कास्तकार माणूस, पण त्यांना अकरा महिन्यांचीच सवय आणि कंपनीला पाहिजे पाच वर्षं. मालक काकांना वाटे की पाच वर्षं दिली म्हणजे गाळा हातातून गेला. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला द्यायचा करार, साठ महिन्यांपर्यंत करता येते, नोंदणी होते, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, हे त्यांच्या पोरासोबत बसून समजावलं आणि दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून टाकली तेव्हा तयार झाले. मंजुरीचं पत्र हातात येईस्तोवर टोकन सोडून एक रुपया दिला नाही, आणि टोकनच्या चिठ्ठीवरच लिहून घेतलं की कंपनीनं जागा नाकारली तर पैसे वापस. तोंडी 'होऊन जाईल' म्हणतील, त्याच्यावर फर्निचरची ऑर्डर देऊ नका. भाडेकरार झाल्यावरच पुढचं, एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या धंद्याचं, रजिस्ट्रेशन प्रत्येक जागेचं वेगळं लागते, पहिल्या दुकानाचं चालत नाही.

आता इतक्या महिन्यांनी कंपनीचं काय बरोबर निघालं ते पण सांगतो. आम्ही आधी कॉम्प्लेक्सच्या आतला स्वस्त गाळा दाखवला होता, तो त्यांनी नाकारला, रस्त्यावरचाच पाहिजे आणि समोर गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणाले. तेव्हा राग आला होता पण आज अर्धं गिऱ्हाईक गाडीवर बसूनच कटिंग पिऊन जाते, आतल्या गाळ्यात ते आलंच नसतं. जास्तीच्या पाण्याच्या टाकीसाठीही अडून बसले होते, उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड काय दोन दिवसाआड आला तेव्हा ती टाकीच कामी आली.

न पटलेल्या गोष्टी म्हणजे एक तर बसायच्या खुर्च्या त्यांच्या नकाशाप्रमाणे घ्यायला लावल्या, त्या दुपारी रिकाम्या असतात. दुसरं, फीवर आणि रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी, आणि आपण चहा-नाश्त्यावर 5 टक्के लावतो त्यात इनपुट क्रेडिट भेटत नाही, आपण भरलेला जीएसटी वळता होत नाही, म्हणजे ते 18 टक्के सरळ खर्चातच धरा, कंपनीच्या हिशेबाच्या कागदात ते दाखवत नाहीत. तिसरं आणि मोठं म्हणजे अंतर. आमच्यापासून किती किलोमीटरच्या आत दुसऱ्याला दुकान देणार नाही हे मंजुरीच्या पत्रात नव्हतं, मी अडून बसलो तेव्हा करारात घातलं. तुम्हीही मंजुरीच्या वेळीच घालून घ्या, फी भरल्यावर कोणी फोन उचलत नाही.

पुसदकडच्या दोघांनी मोजणीचा कागद मागितला होता, त्यांना फोटो पाठवला आहे. अजून कोणाला पाहिजे असेल तर सांगा, रकाने तेच ठेवा फक्त वेळा आपल्या गावाच्या टाका.